मंगळवारपर्यंत

"उन्हामुळं असंल," मल्लेश म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याला कळलं की आपण खोटं बोललो. किती सहज! कपाळावरचा घाम पुसावा तितक्या सहज. समोर बालाजी बसला होता, डावा पाय टेबलाबाहेर लांब सोडून. तो पाय गुडघ्यात वाकतच नाही, म्हणून हॉटेलात येणाऱ्या-जाणाऱ्याला दर दोन मिनिटांनी "जरा जपून, अण्णा" म्हणावं लागत होतं, आणि बालाजी ते हसत म्हणत होता. शुक्रवारची दुपार. गुलबर्ग्याचा जून, आभाळ ठणठणीत कोरडं, सुपर मार्केटमागच्या त्या हॉटेलातला पंखा गरम हवाच इकडून तिकडं ढकलत होता. म्हणजे ऊन होतंच, उन्हाचं नाव घ्यायला कुणाची हरकत नव्हती. बालाजीनं मान डोलावली. "व्हय, मला बी तसंच वाटलं. कूलरचं पाणी संपलं असंल. तू म्हणालास म्हंजे झालं." तू म्हणालास म्हणजे झालं! मल्लेशच्या घशात चहा अडकला, जोराचा ठसका लागला, तर हा बालाजी उठून त्याच्या पाठीवर थापट्या मारायला लागला. तो तसला पाय घेऊन उठला, हे मल्लेशला जास्त लागलं.

गोष्ट तशी एवढीशी होती. बालाजीच्या घरामागच्या खोलीत एक सर्व्हर आहे. त्या एका मशीनच्या आत त्यानं चाळीस खोल्या पाडल्यात आणि भाड्यानं दिल्यात असं समजा. एका खोलीत बियाण्याच्या दुकानाची वेबसाइट, एकीत रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट, एकीत एका इंजिनिअरिंग कॉलेजची प्रवेशयादी. भाडेकरूंना एकमेकांचं काही दिसत नाही. सहा वर्षांपूर्वी हे सगळं मल्लेशनंच बसवून दिलं होतं, भिंती त्यानंच घातल्या होत्या. आणि आता बालाजी सांगत होता, "आठवड्यात दोनदा मशीन आपोआप बसली रं. मंगळवारी एकदा, काल एकदा. बसती आन् आपली आपण चालू होती. कामून होत असंल?" मल्लेशनं विचारलं, नवीन कुणी गिऱ्हाईक आलंय का. "हौ, एक हाय. पंधरा दिस झाले. फोनवरच बोलला, हिंदीत. कायतरी सारखं चालवायलेला असतो." इथंच मल्लेशचे हात गार पडले होते. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि ह्याचे हात गार! आणि मग ते वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

बालाजी त्याच्या तीनचाकी स्कूटरवर बसून गेला. मल्लेश भर उन्हात चालत निघाला, रिक्षा करायचंही त्याला सुचलं नाही. त्याचं काम सांगायला सोपं आहे. मशीनच्या मधोमध एक प्रोग्राम असतो, कर्नल म्हणतात त्याला. तो घरातला कारभारी. सगळ्या खोल्यांच्या चाव्या त्याच्या कमरेला. बाकीच्या प्रोग्रामांना काही हवं असलं की त्यांनी कारभाऱ्याला सांगायचं, तो आत जाऊन काम करून देतो, आणि चाव्या खोचून ठेवून पाहुण्याला त्याच्या दारी परत सोडतो. आता ह्यात एक खोट निघाली होती, आणि ती कारभाऱ्यात नव्हती, खाली प्रोसेसरमध्येच होती, चिपमध्ये. परत सोडायच्या पत्त्यावर भलतंच काही लिहिलेलं असलं की चिप अगदी शेवटच्या पावलाला अडखळते. अडखळते तेव्हा कारभारी पाहुण्याच्या अंगणात उभा असतो आणि चाव्या अजून हातातच असतात. पाहुणा पक्का चोर असला तर चाव्या काढून घेतो. त्याचा नेम चुकला तर मशीन बसते आणि पुन्हा चालू होते. म्हणजे कुणीतरी नेम धरायला लागलं होतं. दोनदा चुकला होता, तिसऱ्यांदा चुकेलच असं कोण सांगणार?

चिप काही जगभरच्या मशिनींतून उपटून काढता येत नाही. मग कर्नललाच शिकवायचं, की बाबा, उंबरठा ओलांडायच्या आधी पत्ता तपास. सहा ओळींचं ठिगळ. पण ज्या गिऱ्हाइकांनी आठ-आठ वर्षांचे जुने कर्नल सोडलेले नाहीत त्यांना नवं ठिगळ जसंच्या तसं बसत नाही, ते कापून, वळवून, जुन्या विणीला जुळवून घ्यावं लागतं. हैदराबादच्या एका कंपनीसाठी मल्लेश हेच करतो, गुलबर्ग्याच्या घरात बसून, महिन्यातून दोनदा रेल्वेनं जाऊन. त्याची आई अनसाबाई घोंगड्याला ठिगळ लावायची तेव्हा आधी जुन्या लोकरीवरून अंगठा फिरवत बसायची, तेवढाच वेळ मल्लेश जुना कोड नुसता वाचत बसतो. हे ठिगळ त्यानं बुधवारीच पुरं केलं होतं. फक्त बोलायचं नव्हतं. मंगळवारपर्यंत कुणाला अवाक्षर सांगणार नाही अशी सही करून दिली होती त्यानं. त्यात खुळचटपणा काहीच नव्हता. सगळ्या कंपन्यांची ठिगळं तयार व्हायच्या आत बोभाटा झाला तर चोर आधी पोचतात. मल्लेशला हे मनापासून पटलेलं होतं. नियम चांगला होता हो! फक्त सकाळी त्याचा वरिष्ठ भीमराज ह्याची मेल आली होती, की बाहेर कुणाला तरी आधीच वास लागल्यासारखा दिसतोय, तरी तारीख तीच राहील. मेल वाचताना मल्लेशला "बाहेर" म्हणजे कुठंतरी लांब, समुद्रापलीकडं वाटलं होतं. ते बाहेर सुपर मार्केटपासून दीड मैलावर निघालं.

घरी आल्यावर श्रीदेवीनं विचारलं, "तोंड का असं? ऊन लागलं काय?" आणि मल्लेश एकदम ओरडला, "ऊन ऊन करू नकोस!" ती शाळेत शिकवते, दिवसभर चाळीस पोरांचं ऐकून घेते, नवऱ्याचंही एक ऐकून घेतलं. ताक ठेवून निघून गेली. तो ग्लासाकडं बघत बसला. त्याला स्वतःचाच राग येत होता, पण नेमका कशाचा ते सापडत नव्हतं. नियम पाळला म्हणून? की नियम पाळताना एवढं बेमालूम बोलता आलं म्हणून? "सांगता येत न्हाई" असं म्हणता आलं असतं. "मला कामाचं बोलायला बंदी हाय" म्हणता आलं असतं. बालाजीनं काय ते ओळखलं असतं, वेडा थोडाच आहे तो. पण नाही. तयार उत्तर जिभेवरच होतं, जणू कित्येक वर्षं तिथं ठेवलेलं होतं. आणि तसं विचारात आल्याबरोबर त्याला दुसरा एक आवाज ऐकू आला, पंधरा वर्षांच्या पोराचा, फुटायला लागलेला, स्वतःचाच. "व्हय. लई गरीब हाय."

एकोणीस वर्षांपूर्वी, भूकंपाच्या वर्षीचा उन्हाळा. चिटगुप्प्याचा जनावरांचा बाजार. मल्लेशच्या आज्यानं मेंढरं वळली, बापाच्या, म्हणजे इरप्पाच्या, वाट्याला मेंढरं राहिली नाहीत. खटकचिंचोळीची थोडी जमीन आणि बाजारात जनावरांची पारख, एवढ्यावर इरप्पा उभा होता. त्यांच्याकडं चांद्या नावाचा बैल होता, कपाळावर पांढरा चांद असलेला. दिवसभर औताला गाय जशी. पोरंटोरं पाठीवर बसली तरी शेपूट हलवायचा नाही. पण संध्याकाळी जू उतरवताना, घरी परतायच्या वेळेला, डाव्या अंगानं दावं सोडणाऱ्याला तो मारायचा. फक्त तेवढ्याच वेळी आणि त्याच अंगानं. बाकी चोवीस तासांत ह्या बैलाला शिंगं आहेत हेसुद्धा विसरायला व्हायचं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, इरप्पाच उजवीकडून सोडायचा. एका संध्याकाळी अनसाबाई विसरली आणि चांद्यानं तिला गोठ्याच्या भिंतीशी दाबली. बरगडी वाचली, पण इरप्पा त्याच आठवड्यात दावं धरून बाजारात उभा राहिला. परत सोडायच्या वेळी दगा देणारा बैल, आणि परत सोडायच्या वेळी दगा देणारी चिप. हे जुळताना बघून मल्लेशला शिसारी आली. असली जुळणी मनाला करायला सांगितली होती कुणी? डोकं नको त्या वेळी हुशारी दाखवतं. त्यानं ताक पिऊन टाकलं.

शनिवारी त्याला बसवेना. कामाला सुट्टी होती, तरी चारदा संगणक उघडला, चारदा मिटला. बाजाराला गेला आणि श्रीदेवीनं सांगितलेली कोथिंबीर सोडून बाकी सगळं घेऊन आला. मध्येच डोळ्यांपुढं रुमाल येत होता. बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघं हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं धरून भाव ठरवतात, भोवतीच्यांना काही कळत नाही. इरप्पाची त्यावर एक स्वतःची रीत होती. भाव ठरला की हात सोडायच्या आधी, जनावरात खोड असली तर तो घेणाऱ्याच्या तळहातात अंगठा दाबायचा. मग घेणाऱ्यानं हात काढून घ्यावा किंवा तसाच ठेवावा. इरप्पा म्हणायचा, "बाजारात वरडून सांगितली खोड, तर त्या जनावराला कुणी दारात उभं करत न्हाई. सांगितलीच न्हाई, तर घेणारा मरतो. म्हणून रुमालाच्या आत सांगावं." आणि रुमालाच्या आत काय झालं हे नंतर कुणी कुणाला विचारायचं नसतं. बायकोनं नवऱ्याला विचारायचं नाही, पोरानं बापाला नाही. त्या दिवशी जनवाड्याचे उद्धवराव घ्यायला आले होते. रुमाल पडला, हात बराच वेळ आत राहिले. उद्धवराव हसले, चांगला भाव कबूल केला, हात सोडले. मल्लेश तिथंच उभा होता. इतक्या खुशीत घेतला त्या अर्थी अप्पानं अंगठा दाबला नाही, असं त्यानं धरलं. आणि तेवढ्यात उद्धवरावांचा मुलगा, सतरा वर्षांचा, दोन्ही पायांवर उड्या मारत येणारा, चांद्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, "कसा हाय रं? गरीब हाय का?"

आठ दिवसांनी जनवाड्याहून बातमी आली. संध्याकाळी जू काढताना. डाव्या अंगानं. गुडघ्याची वाटी गेली आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी. इरप्पा बातमी ऐकून भिंतीला टेकून बसला, जेवला नाही, बोलला नाही. मल्लेशनं बापाला विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी इरप्पा गेला तोपर्यंत पंधरा वर्षं विचारायला हाताशी होती. तो शेवटी आजारी होता तेव्हा मल्लेश उशाशी बसून रात्री काढत होता, तेव्हाही ओठांवर येऊन राहिलं. रुमालाच्या आतलं विचारायचं नसतं! पुढं बीदरला कॉलेजात कुबडी घेतलेला तोच मुलगा भेटला, बालाजी. शेती करता येणार नाही म्हणून संगणक शिकायला आलेला. मल्लेशनं त्याला नोट्स दिल्या, डबा दिला, फॉर्म भरून दिले, रांगेत स्वतः उभा राहिला. लोक म्हणायचे, काय दोस्ती आहे! दोस्ती होतीही, ते खोटं नव्हतं. पण प्रत्येक वेळी काही देताना मल्लेशच्या मनात एक भुकेलेलं समाधान असायचं, आणि त्याची त्याला लाज वाटायची. सर्व्हर बसवून दिला तेव्हा तर त्याला वाटलं होतं की आता झालं, फिटलं सगळं. कसलं फिटतंय!

संध्याकाळी त्यानं भीमराजला फोन लावला. भीमराज मूळ औरादचा, पंधरा वर्षं हैदराबादेत असला तरी मल्लेशशी गावाकडच्या बोलीतच बोलतो. "लहान गिऱ्हाइकांना एवढंच कळवता येईल का, की दोन दिस मशीन बंद ठेवा म्हणून? कारण न सांगता?" मल्लेशनं विचारलं. "मोठ्या सात जणांना आधीच सांगून झालंय," भीमराज म्हणाला. "त्यांची ठिगळं काल लागली. बाकीच्यांना मंगळवारी कळंल. सगळ्यांना सांगत बसलो तर गुपित राहील का? कामून इचारायलास? ओळखीचं कुणी हाय का?" मल्लेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "असंल तर तोंड शिवून बस, मल्लेश. दोस्त म्हणून सांगायलोय. हितं एकदा नाव खराब झालं की कुणी दारात उभं करत न्हाई." हे ऐकून मल्लेशला हसू आलं, चमत्कारिक, कडवट हसू. म्हणजे मोठ्यांच्या हातावर रुमाल टाकला होता. अंगठा दाबून झाला होता. बालाजीचा हात त्या रुमालात नव्हता, एवढंच.

रविवारी बालाजीचा मेसेज आला. मशीन परत बसली, कूलरला नवीन पंप घातलाय, काळजी नको. काळजी नको! तो मेसेज मल्लेशनं किती वेळा वाचला कोण जाणे. मशीन तिसऱ्यांदा बसली होती. चोर शिकत होता. आणि सोमवारी अकरा वाजता कॉलेजची प्रवेशयादी त्या मशीनवर लागायची होती. साडेतीन हजार पोरांची नावं, मार्क, घरचे पत्ते. लॅबमधल्या रिपोर्टांत कुणाकुणाला काय काय झालंय ते. एकदा चाव्या गेल्या की सगळं उघडं. आणि लोक कुणाला धरणार? चिप बनवणाऱ्याला? हैदराबादच्या कंपनीला? ते जनवाड्याच्या लंगड्या बालाजीला धरणार. सहा वर्षं एकेकाच्या दारात जाऊन, तुमचं माझ्याकडं सांभाळून राहील म्हणून सांगत त्यानं जमवलेलं सगळं एका दिवसात जाणार, आणि त्याला शेवटपर्यंत वाटत राहणार की आपल्या कूलरचंच काहीतरी चुकलं. श्रीदेवी म्हणाली, "काय ते एकदा ओकून टाका. दोन दिवस भिंतीशी बोलायलात." तो म्हणाला, "उद्या रजा टाकतो." बस्स, एवढंच म्हणाला. 

सोमवारी दहाला तो बालाजीच्या दारात होता. दार नागूबाईनं उघडलं, बालाजीच्या आईनं. सत्तरीची बाई, नवरा गेल्यापासून जनवाडा सोडून मुलाकडं आलेली, आवाज मात्र अजून शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर पोचेल असा. "अगं बाई, मल्ल्या! वाळलास की रं. बायको जेवायला घालती का न्हाई?" आतल्या खोलीतून मशीनची घरघर येत होती आणि बालाजीचं "ये, ये, आत्ता येतो, यादी चढवायलोय." नागूबाईनं चहा पुढं केला. मल्लेशनं कप हातात घेतला, आणि जे सांगायला आला होता ते तोंडातून निघेना.  त्याच्या ऐवजी भलतंच, एकोणीस वर्षं कुजत पडलेलं बाहेर आलं. "काकू, चांद्याची खोड मला म्हाईत होती. सोडताना मारतो ते. बालाजीनं मला इचारलं होतं, आन् मी गरीब हाय म्हणालो." एवढं बोलून तो कपाकडं बघत राहिला. कप तिरपा झाला आणि चहा बशीतून खाली सांडला.

 नागूबाई पदरानं बशीखालचं पुसत म्हणाली, "आम्हाला बी म्हाईत होती, बाबा." मल्लेशनं वर बघितलं. "तुझ्या बापानं अंगठा दाबला होता. ह्यांनी हात काढला न्हाई. घरी येऊन मला सांगितलं, खोडीचा हाय, पर बैल एक नंबर हाय, रोज मीच उजवीकडून सोडीन, पोराला कशाला भ्या घालायचं. मग त्या दिशी बिदरला गेले कोर्टाच्या कामाला, यायला उशीर झाला. आन् ह्यानं सोडला." तिचा आवाज तसाच होता, मोठा, सपाट. "मरेस्तोवर त्या माणसानं पोराच्या पायाकडं सरळ बघितलं न्हाई. कुणाला सांगू नको म्हणाले होते. आता कुणाचं ऐकू?"

मल्लेशला आधी काय वाटलं ते सांगायलाच हवं: त्याला हलकं वाटलं. अप्पानं सांगितलं होतं! एकोणीस वर्षं बापाला मनातल्या मनात फसवा धरून चाललो, आणि तो बाप नेक होता! डोळे भरून आले, वाटलं आत्ता उठावं आणि रस्त्यात ओरडून सांगावं. पण ते जेमतेम घोटभर टिकलं. कारण दारात बालाजी येऊन उभा राहिला होता, चौकटीला हात धरून, वाकत नसलेला पाय थोडा बाजूला ठेवून. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो ओरडला नाही. आईकडं बघितलं, मग मल्लेशकडं, आणि म्हणाला, "मला म्हाईत नव्हती."

एवढंच म्हणाला. नागूबाईनं तोंडाला पदर लावला. मल्लेश मनात मोजू लागला: अप्पाला ठाऊक होतं, उद्धवरावांना ठाऊक होतं, काकूला ठाऊक होतं, आपल्याला ठाऊक होतं. एवढ्या माणसांना ठाऊक होतं आणि सगळी आपापल्या परीनं सरळ वागली होती. रीत अगदी बरोबर पाळली गेली होती. आणि दावं सोडायला गेलेलं पोर तेवढं हसत-खेळत गेलं होतं. मल्लेश उठला. "बालाजी, मशीन बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"कामून?"

"उन्हामुळं बसत न्हाई ती. मी खोटं बोललो शुक्रवारी. कुणीतरी आत शिरायला बघायलंय. प्रोसेसरमध्येच खोट हाय, त्याचं ठिगळ मंगळवारी येणार, तवर कुणाला बोलायचं न्हाई म्हणून सही केलीय मी. ठिगळ माझ्याकडं तयार हाय, पर ते मी तुला देऊ शकत न्हाई. एवढंच सांगू शकतो. खरं म्हंजे एवढं बी सांगू शकत न्हाई."

बालाजीनं घड्याळाकडं बघितलं. साडेदहा. "त्या नव्या गिऱ्हाइकाला तेवढा काढून टाकतो की."

"तोच हाय कशावरून? चाळीसातल्या कुठल्या बी खोलीतनं होतंय हे. त्याला काढलास आन् दुसऱ्याच नावानं अजून एक खोली घेऊन बसला असला तर? मशीनच बंद पायजे."

"आन् हे सांगितलास म्हणून तुझं काय हुईल?"

"जाईल नोकरी," मल्लेश म्हणाला.  हे वाक्य त्यानं मनात शंभरदा म्हणून बघितलं होतं, तोंडानं पहिल्यांदाच.

बालाजी आत गेला. मल्लेश त्याच्या मागं गेला नाही, चौकटीशी थांबला. बालाजीनं चढवत आणलेली यादी थांबवली, एकेक खोली बंद केली, मग मशीन बंद केली. पंख्यांचा आवाज हळूहळू खाली उतरला आणि थांबला. सहा वर्षांत त्या घरात तो आवाज कधी थांबला नव्हता. नागूबाई इकडंतिकडं बघायला लागली, काहीतरी हरवल्यासारखी. बालाजी बाहेर आला, टेलिफोन ओढून जवळ घेतला आणि खुर्चीवर पाय लांब करून बसला. तो रागावलाय का, हे मल्लेशला कळेना. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पावणेअकराला पहिला फोन लॅबवाल्याचा आला. बालाजी म्हणाला, "व्हय साहेब, बंद हाय. बुधवारी चालू हुईल. माझीच चूक झाली, मशीनकडं ध्यान दिलं न्हाई." मल्लेश दचकला. पलीकडून मोठ्या आवाजात काहीतरी चाललं होतं, बालाजी ऐकून घेत होता, "व्हय, व्हय, माझीच चूक" म्हणत होता. फोन ठेवला तसा मल्लेश म्हणाला, "तू असं का सांगायलास?" बालाजी म्हणाला, "मग काय सांगू? तुझं नाव सांगू? तू मला म्हणून सांगितलास, ते माझ्यापाशी ऱ्हाईल." दुसरा फोन बियाण्याच्या दुकानाचा. हंगामाचे दिवस, दुकानदार शिव्यांवर आला. "चूक झाली, अण्णा. माफ करा." तिसरा, चौथा. प्रत्येक वेळी तेच, तितक्याच शांतपणानं, आणि प्रत्येक वेळी मल्लेशच्या अंगावर कुणीतरी गरम पाणी ओतल्यासारखं होत होतं. हा माणूस कुणाकुणाचं झाकणार आहे? एक पाय गेला तरी बस्स नाही झालं ह्याला?

अकरा वाजून पाच मिनिटांनी कॉलेजचा फोन आला. तिथल्या ऑफिसच्या जगदेवीबाई, बसवकल्याणच्या, मराठीतच बोलायच्या, त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. बाहेर तीन-चारशे पालक जमलेत, बालाजी. कालपासून पोरं आलीत गावोगावची. सर विचारताहेत, हा माणूस भरवशाचा आहे का. मी सांगितलं होतं भरवशाचा आहे म्हणून, आता मी काय सांगू? पुढच्या वर्षी बेंगळुरूच्या माणसाला द्या म्हणताहेत. बालाजीनं डोळे मिटले. "बाई, माझीच..." एवढं त्याच्या तोंडातून निघालं आणि मल्लेशनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"हॅलो. मी मल्लेश बोलायलोय," तो म्हणाला. आवाज फुटत होता, तरी तो थांबला नाही. "मल्लेश इरप्पा, खटकचिंचोळीचा. हैदराबादच्या कंपनीत कर्नलचं काम करतो. मशीन मी बंद करायला लावली. बालाजीची काहीच चूक न्हाई. यादी कागदावर छापून दारावर लावा आज. आन् माझं नाव लिहून घ्या."

पलीकडं कागद ओढल्याचा आवाज आला. "लिहिलं," जगदेवीबाई म्हणाल्या. "पण झालंय काय नेमकं?"

बालाजी हातानं, मानेनं, नको नको करत होता. मल्लेशनं त्याच्याकडं बघितलं, आणि सांगायला सुरुवात केली.